कौल लावण्यात येईल

विजेचा शोध कोणी लावला हे शाळेत शिकवतात. पण वीज गेली की ती मनाला लावून घेण्याचं काम अख्ख्या पृथ्वीवर एकच माणूस करतो, आणि तो आमच्या शेजारी राहतो. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना समुद्राच्या बाजूला उतरणाऱ्या एका वाडीत माझा काजूचा कारखाना आहे आणि कारखान्याच्या दगडी गडग्याला, कुंपणाला लागून त्यांचं घर. सगळी वाडी त्यांना पात्रांव म्हणते. हा शब्द गोव्याकडून आलेला, अर्थ मालक. ते कोणाचेच मालक नाहीत. पण सगळी उमेदीची वर्षं विजेच्या कंपन्यांत मोठ्या खुर्चीवर बसून आलेल्या माणसाला नुसतं दादा म्हणणं वाडीला बरं दिसेना, आणि लहानपणी ज्याला आंब्यावरून उतरवून आईच्या ताब्यात दिलं होतं त्याला साहेब म्हणायला म्हाताऱ्यांची जीभ वळेना. पात्रांव हा मधला तोडगा निघाला.

त्यांच्या मोठेपणाचा अंदाज वाडीला तसा कधी आलाच नाही. घराणं ख्रिस्ती, आजोळ गोव्यात. वडील तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला. घरी मांय आणि हा एकुलता झील, म्हणजे मुलगा. शिकला, इंजिनियर झाला, सरकारी वीज खात्यात लागला, पुढे एका बड्या खासगी कंपनीने उचलून नेला, आणि आधी कोळशाच्या मुलखात, मग दिल्लीत असा चढत चढत कार्यकारी संचालक झाला. मांयने मात्र या सगळ्या बढत्यांना मिळून एकच वाक्य ठेवलं होतं: "माझो झील लायटीत आसा." आता जो लायटीत आहे त्याला लाइट गेल्यावर सांगायचं नाही तर कोणाला? त्यामुळे तारेवर झावळी पडली की वाडीतून फोन जायचा तो तालुक्याच्या कार्यालयात नाही, थेट दिल्लीला. तिकडे पात्रांव बैठकीत असायचे, समोर दोन राज्यांना पुरेल एवढ्या विजेचा करार, आणि फोनवर आमची पार्वतीकाकी. ही पार्वतीकाकी माझ्या कारखान्यात काजू फोडणाऱ्या बायकांची मुकादम. तिचा आवाज मोबाइलशिवायही दिल्लीला पोचेल असा आहे. "अरे, पिंपळाकडची तार तुटली मरे. कोणाक तरी धाड!" ज्या कंपनीचे ते साहेब होते तिचा आमच्या पिंपळाशी सुतराम संबंध नव्हता. दुसऱ्या कोणी तसं सांगून फोन ठेवला असता. पात्रांव विचारायचे, "तार जमिनीवर पडली आहे की लोंबते आहे? गुरं तिकडे सोडू नका." मग करार बाजूला ठेवून, या ओळखीतून त्या ओळखीत शिरत, वेंगुर्ल्याच्या वायरमनला गाठायचे. बैठकीतल्या लोकांना वाटे, कुठलं तरी मोठं केंद्र बंद पडलेलं दिसतंय. ते अदबीने थांबून राहत.

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची बायको गेली. मुलगी गोव्यात असते. तिने आपल्या फ्लॅटमधली एक खोली रंगवून, वडिलांसाठी खिडकीला जाळी लावून तयार ठेवली होती. पात्रांव त्या खोलीत चार दिवस राहिले आणि सामान घेऊन वाडीत आले. मांयच्या बंद घराचं दार उघडलं, दारापुढच्या बलकांवात, म्हणजे बसायला दोन्ही बाजूंना बाकं बांधलेल्या ओट्यावर, एक खुर्ची टाकली, आणि तिथून त्यांनी आम्हाला शिस्त लावायला सुरुवात केली.

त्यांना चालू राहिलेला दिवा सहन होत नाही. माझ्याकडे आले की हात आधी भिंतीवरच्या बटणाकडे जातो आणि मग नमस्काराला येतो. आमच्या देवळाच्या गुरवकाकांच्या नातीच्या लग्नात भर दुपारी मांडवात रोषणाई केली होती. पात्रांव आहेर द्यायला वर गेले, नवऱ्यामुलाला जवळ घेतलं आणि त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. नवरामुलगा गंभीरपणे मान हलवत होता. बघणाऱ्यांना वाटलं, एवढा अनुभवी माणूस, संसाराच्या चार गोष्टी सांगत असेल. नंतर कळलं, ते विचारत होते की मागच्या हॅलोजनचं बटण कुठे आहे.

फ्रिजच्या बाबतीत तर त्यांचा धर्मच वेगळा आहे. फ्रिजचं दार उघडून आत काय आहे ते बघत उभं राहणं हे त्यांच्या मते सुशिक्षित माणसाचं लक्षण नव्हे. "आधी ठरवायचं, मग उघडायचं." हे त्यांनी वाडीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगितलं आहे. पार्वतीकाकीने नवा फ्रिज घेतला तेव्हा ते पेढे खायला गेले आणि पेढ्यांआधी हे ऐकवलं. काकी म्हणाली, "पात्रांव, माका काय व्हया तां ठरला असता, तर मी तुमच्या शेजाराक कित्याक रवलंय असतंय? तुमच्यासारखी दिल्लीक गेलंय असतंय!" पात्रांवांनी यावर विचार केला आणि पेढा खाल्ला.

माणसांकडेही ते विजेच्या हिशेबाने बघतात. गुरवकाका त्यांच्या लेखी बेस लोड, म्हणजे दिवसरात्र एकाच संथ गतीने चालणारा. पार्वतीकाकीचा पीक लोड, म्हणजे सर्वांत जास्त भार, सकाळी कामावर येताना असतो आणि त्या वेळी तिच्या वाटेला जायचं नाही. मला ते काय समजतात ते मी विचारलं नाही. एकदा बोलण्याच्या ओघात म्हणाले, "तू ट्रान्सफॉर्मर आहेस, बाय. गरम होतेस, गुरगुरतेस, पण बंद पडत नाहीस." मी ही स्तुतीच आहे असं धरून चालले आहे.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांची मराठी. नोकरीची पहिली वर्षं सरकारी खात्यात गेली, तिथे त्यांनी मराठी परिपत्रकं लिहिली, आणि तेव्हापासून त्यांच्या वाक्यांतून कर्ता निघून गेला तो परत आला नाही. मी करीन, मी येईन, मला पाहिजे असं ते म्हणतच नाहीत. मासेवाली दारात आली की म्हणतात, "बांगडे घेण्यात येतील." नाताळाला करंज्या तळल्या की वाडीच्या ग्रुपवर संदेश येतो: "सालाबादप्रमाणे नेवऱ्या वाटण्यात येतील." मी एकदा विचारलं, पात्रांव, असं का बोलता? ते म्हणाले, "यात भांडण होत नाही. केलं कोणी, हा प्रश्नच निघत नाही." रागावले किंवा मनातून हलले म्हणजे मात्र थेट मालवणीत येतात. ते क्वचित होतं.

असं एकदा झालं. माझ्या कारखान्यात काजूगर वाळवायचं यंत्र विजेवर चालतं. मध्येच लाइट गेली की गर अर्धा ओला राहतो, त्याची साल सुटत नाही आणि बायकांनी नखांनी खरवडत बसायचं, तेवढ्यात तुकडे जास्त आणि अख्खा माल कमी. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, वाऱ्याने झावळ्या पडतात, आणि एकदा गेलेली लाइट आठवड्यानेही आलेली आहे. त्या दिवशी दुपारभर नव्हती. संध्याकाळी आली. आली तशी सगळ्या वाडीतून आरोळी उठली, "इलीऽऽ!" आमच्याकडे ही पद्धतच आहे. लाइट आली की लहानथोर सगळे ओरडतात, घरात एकटं असलं तरी ओरडतात. माझ्या बायकाही ओरडल्या. मी यंत्राकडे धावले. पात्रांव मात्र कारखान्याच्या दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "बाय, माका ह्यां कधी आयकूक गावला नाय." मी म्हटलं, काय? तर म्हणाले, मोठी लाईन पडली की ते नियंत्रण कक्षात बसून जिल्हेच्या जिल्हे परत सुरू करायचे. "समोरचो काटो वर सरकायचो. बस, इतकांच. खंय तरी लाखो माणसां 'इली' म्हणत असतली. माझ्या खोलयेत एसीचो आवाज." मग लगेच सावरून प्रमाण मराठीत म्हणाले, "म्हणून परत येण्यात आलं."

त्यानंतर त्यांच्या डोक्यात योजना शिरली. वाडीतल्या सगळ्या छपरांवर थोडी थोडी सोलर पॅनेलं, बॅटऱ्या माझ्या कारखान्याच्या मागच्या कोरड्या खोलीत, आणि तिथून सगळ्यांना तारा. बाहेरची लाइट गेली तरी वाडीची जायची नाही. एकट्याच्या घरावर करणं त्यांना मान्य नव्हतं. "ते इन्व्हर्टर झालं. सगळ्यांनी केलं तर ती व्यवस्था." पैशाची जुळवाजुळव त्यांनी कुठून कुठून केली होती; तो भाग त्यांना सोपा होता. अडचण होती ती वाडीच्या होकाराची. उन्हातलं एकही छप्पर सुटून चालणार नव्हतं, कारण अर्ध्या घरांवर माडांची सावली.

माझ्या कारखान्याच्या खळ्यात सभा भरवली. पात्रांव इस्त्रीचा शर्ट घालून आले, पडद्यावर चित्रं दाखवली, आलेख दाखवले. मध्येच लाइट गेली. ते न थांबता अंधारात आलेखाबद्दल बोलत राहिले आणि शेवटचं वाक्य संपताना लाइट आली, तेव्हा "इलीऽऽ!" झालं, आणि पात्रांवांना क्षणभर वाटलं की ती आरोळी आपल्यालाच. मग त्यांनी विचारलं, "कोणाची हरकत आहे का?" कोणीच बोललं नाही. जाता जाता गुरवकाका म्हणाले, "बघूया." बाकीचेही म्हणाले, बघूया. पात्रांव माझ्याकडे वळले, चेहरा उजळलेला. "एकमताने मंजूर, बाय!"

"पात्रांव," मी म्हटलं, "आपल्याकडे 'बघूया' म्हणजे 'नको'."

"नको असेल तर नको म्हणतील ना."

"नको म्हटलं तर भांडण होतं. तुमच्या त्या कर्ता नसलेल्या वाक्यासारखंच आहे ते."

त्यांना पटलं नाही. पण पुढचे कित्येक आठवडे छपरं मोजायला गेले की घरधनी बाजाराला गेलेला असे, नाहीतर कोणाचं तरी सोयर असे, नाहीतर कोणी नुसतंच चहा पाजून हवापाण्यावर बोले. छपराला शिडी लावायला कोणी नाही म्हणेना आणि लावूही देईना. पात्रांव बारीक होऊ लागले. गोव्याहून मुलीचा फोन रोज यायला लागला. एके दिवशी गडग्यापलीकडून त्यांनी मला सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात, "मिरगापूर्वी पहिलं कौल लागलं नाही, तर घर बंद करण्यात येईल. मुलीला तसं कळविण्यात आलं आहे."

मी भावनेत वाहणारी बाई नाही. मला कारखाना चालवायचा असतो. पण ते घर पुन्हा बंद झालेलं मला चालणार नव्हतं. मी म्हटलं, लोकांची वाट कसली बघता? आधी तुमच्याच छपरावर सुरुवात करा. डोळ्यांनी दिसलं की विश्वास बसेल. कौलारू छपरावर पॅनेल बसवायचं तर मधली काही मातीची कौलं काढून तिथे हुकाची, पत्र्याची कौलं लावतात आणि त्या हुकांवर सांगाडा चढवतात. तशी कौलं आम्ही दोघांनी सावंतवाडीला जाऊन आणली. पात्रांवांनी वाडीच्या ग्रुपवर संदेश टाकला: "येत्या रविवारी सकाळी कौल लावण्यात येईल. सर्व ग्रामस्थांनी उपस्थित राहावे." मी तो वाचला आणि अंगठा पाठवला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण पत्र्याची कौलं माझ्याच गाडीतून आली होती.

रविवारी ते चर्चमध्ये पहाटेच्या मिसाला जाऊन आले. अंगणात खुर्च्या मांडल्या, कॉफी केली, गोव्याहून मुलीने पाठवलेल्या नारळाच्या बिस्किटांचा डबा उघडला. सावंतवाडीचा मिस्त्री शिडी लावून वर चढला आणि हातात पत्र्याचं कौल घेऊन बसला. आम्ही वाट पाहिली. कोणी येईना. रस्त्यावर कुत्रं फिरेना. पार्वतीकाकी, जी माझ्याकडे कामावर यायला रविवारीही चुकत नाही, ती नाही. गुरवकाका नाहीत. कॉफी थंड झाली. मिस्त्री वरून विचारायचा, "लावू?" आणि पात्रांव म्हणायचे, "थांब, येतील." मग ते म्हणेनासे झाले. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "तुझां खरां, बाय. बघूया म्हणजे नको." मिस्त्रीला हात केला, "उतर बाबा खाली." आणि खिशातून फोन काढून मुलीचा नंबर शोधायला लागले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पार्वतीकाकी. "गो, खंय मेलस? पात्रांवाक घेवन ये बेगीन! सगळो गाव देवळात येवन बसलोसा. गुरव आंघोळ करून, पाकळ्यो काढून तयार. देव किती वेळ वाट बघतलो?"

"कसली वाट?"

"कसली म्हणजे? पात्रांवानच कळवल्यान ना, कौल लावतलंव म्हणान!"

आमच्याकडे कौल दोन. एक छपरावरचं. आणि दुसरा देवाचा: गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर लावतो, गावातर्फे प्रश्न विचारतो, उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नाही. बोलताना गोंधळ होत नाही, कारण छपरावरचं ते कौल आणि देवाचा तो कौल. पण "लावण्यात येईल" म्हटल्यावर ते आणि तो दोन्ही गळून जातात. मी खुर्चीत बसून हसायला लागले. पात्रांवांना सांगितलं. त्यांनी फोन खाली ठेवला आणि आपलंच वाक्य हळूहळू पुन्हा म्हणून पाहिलं. "म्हणजे मी... देवाला विचारायला बोलावलंय सगळ्यांना?"

"होय."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर नाही."

"बाय, जन्मात मी अशा कोणाकडे मंजुरीला गेलो नाही, ज्याच्याबरोबर आदल्या दिवशी जेवलो नाही!"

देवळात खरोखरच सगळी वाडी होती. आत जाताना पार्वतीकाकीने त्यांना बाजूला घेतलं. आवाज पहिल्यांदाच खाली. "पात्रांव, ह्यां आदीच करूचां होतां. देवाक इचारल्याशिवाय आमी कशे व्हय म्हणतले? आणि तुमी दुसऱ्या धर्माचे, तुमका कोण सांगतलो? पण तुमीच कळवलास. गुरवकाका रडलो वाचून." पात्रांवांनी माझ्याकडे पाहिलं. ते सत्यवादी गृहस्थ आहेत. खुलासा ओठांवर आलेला मला दिसत होता. मी डोळे वटारले. त्यांनी चपला काढल्या, चष्मा पुसला आणि लोकांत जाऊन उभे राहिले. लहानपणी जत्रेला खाजं खायला येत, त्यानंतर तिथे पहिल्यांदाच.

गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाशी इली हत..."

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"ह्या आमच्या लायटीतल्या झिलान वाडीर सूर्याची लाइट आणूचो घाट घातल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तां करूचां तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग सगळ्यांचे डोळे पाकळ्यांवर. पाकळी सुटली, आणि डावी पडली.

मी देवाधर्मात फारशी नसते, पण मीही मान लांब करून पाकळी कुठली पडली ते पुन्हा पाहिलं. पात्रांव माझ्याकडे झुकले. हळूच विचारलं, "हे अंतिम आहे का?" गुरवकाकांनी ऐकलं. "अंतिम कसलां? डावो दिल्यान म्हणजे देव नको म्हणता असां नाय. प्रश्न चुकलो." पात्रांव माझ्या कानाशी पुटपुटले, "आमच्या संचालक मंडळातही हेच." प्रश्न काय चुकला यावर चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं बॅटरीची जागा, कोणी म्हणालं माड तोडावे लागतील म्हणून. शेवटी पार्वतीकाकी उसळली. "मेल्यांनू! सगळ्यांच्या घरार लायट लावतास, आणि देवळार? सगळी वाडी उजेडात आणि देव काळोखात बसतलो?"

देवळात एकदम समजूत पसरली. गुरवकाकांनी नव्या पाकळ्या लावल्या. "पयलां कौल तुझ्याच देवळार लावतंव, म्हाराजा! मगे आमच्या घरार. चलात तर उजवो दी!" म्हणता म्हणता उजवी पडली. "व्हय म्हाराजा!" अशी आरोळी उठली की खांबावरची पाखरं उडाली. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या डाव्या बाजूने आला, आणि डाव्या बाजूला पात्रांव उभे होते.

पुढच्या रविवारी पाद्रीसाहेबांनी त्यांना चर्चच्या दारातच गाठलं. पात्रांव म्हणाले, ती तांत्रिक मंजुरी होती. पाद्रीसाहेब म्हणाले, "ते असू दे. आमच्या छपराने काय घोडं मारलंय?" म्हणून दुसरं कौल चर्चवर लागलं. मिरगाच्या आत वाडी पुरी झाली. ज्या घरांतून फक्त चहा मिळत होता, तिथून आता माणसं शिडी धरायला यायला लागली आणि मिस्त्रीला सल्ले द्यायला लागली. मिस्त्रीच्या मते आधीचं बरं होतं.

त्या पावसाळ्यात वारा झाला, आजूबाजूच्या वाड्या काळोखात गेल्या. आमची लाइट गेली नाही. माझं यंत्र चालू, गर कोरडा, साल बोटाने सुटणारी. पार्वतीकाकीचा फ्रिज चालू. ती दार उघडून मुद्दाम त्याच्यासमोर उभी राहायची. सगळं त्यांनी म्हटल्यासारखं झालं. फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. जात नाही ती येतही नाही. वाडीतून "इलीऽऽ" उठायचं बंद झालं. पात्रांव संध्याकाळी बलकांवात बसलेले असत. लांब टेकडीपलीकडच्या वाडीत कधी आरोळी झाली, तर मान किंचित तिकडे वळवत. मी एकदा म्हटलं, चुकल्यासारखं वाटतं ना? ते म्हणाले, "व्यवस्था उत्तम चालली की ऐकू काही येत नाही. हे नोकरीत शिकवण्यात आलं होतं." आणि उठून माझ्या अंगणातला दिवा बंद करून आले.

दिवाळीच्या सुमाराला ते मोतीबिंदू काढायला गोव्यात मुलीकडे गेले. डोळ्याचं काम चांगलं झालं, पण मुलीने काही ना काही कारणाने ठेवून घेतलं. वाडीत चुळबुळ सुरू झाली. बॅटरीचा तांबडा दिवा लागला म्हणून फोन. तो नेहमीच लागतो. पाणी किती घालायचं म्हणून फोन. त्यात पाणी घालायचं नसतं. पार्वतीकाकीने तर "पात्रांव, पिंपळाकडची तार..." असं सुरू केलं आणि पुढे काय सांगायचं ते न सुचल्याने फोन ठेवून दिला. मला विचारायची, "येतले मां?" मी म्हणायची, बघूया. आणि म्हटल्यावर मलाच तो शब्द आवडायचा नाही.

एका संध्याकाळी, अजून चांगला उजेड होता, कामावरून सुटलेल्या बायका माझ्या फाटकाशी उभ्या होत्या. गोव्याच्या नंबराची गाडी वळणावर आली आणि पुढच्या सीटवर काळा चष्मा दिसला. पार्वतीकाकीने छाती भरून श्वास घेतला.

"इलोऽऽ!"

फाटकावरच्या बायकांनी उचललं, मग पलीकडच्या घरांनी, मग माडांच्या मागच्या, ज्यांना गाडी दिसतही नव्हती त्यांनी. "इलोऽऽ! इलोऽऽ!" सगळी वाडी. पात्रांवांचा एक पाय गाडीबाहेर, एक आत, हात दारावर. तसेच थांबले. त्या चष्म्यातून त्यांना नीट दिसत नसावं. गोंधळून विचारलं, "काय गेलेलां गो?"

"तुमी!" पार्वतीकाकी म्हणाली.

काळ्या चष्म्याआड काय चाललंय ते मला दिसलं नाही, आणि मी बघायला गेले नाही. मुलगी सामान काढत होती. थोड्या वेळाने ते चाचपडत माझ्या कारखान्यात आले, मला वाटलं काहीतरी बोलतील. पण त्यांचा हात भिंतीवर फिरत फिरत बटणापाशी पोचला आणि ट्यूबलाइट बंद झाली. आत समुद्राकडून येणारा उजेड तेवढा राहिला. मला अजून मालाच्या पिशव्या शिवायच्या होत्या. तरी मी ती परत लावली नाही.